घराचे चित्र कोणाला हवे आहे?

बांधकाम व्यवसायात वस्तू तयार होण्यापूर्वीच तिची विक्री सुरू होत असल्यामुळे ग्राहकाला दाखवण्यासाठी विकासकाजवळ कागदावरचा नकाशा, विक्री कार्यालयातील प्रतिकृती, एखादी नमुना सदनिका आणि गुळगुळीत कागदावर छापलेली चित्रे एवढेच असते. यांपैकी नकाशा वाचता येणारे ग्राहक थोडे आणि नमुना सदनिका उभारण्याचा खर्च मोठा, त्यामुळे घरविक्रीचा बराचसा भार वर्षानुवर्षे चित्रांनीच वाहिला आहे. व्यवसायात ज्याला ‘थ्रीडी व्ह्यू’ किंवा ‘रेंडर’ म्हणतात ते चित्र तयार करण्यासाठी आतापर्यंत वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून ‘स्केचअप’ किंवा ‘थ्रीडीएस मॅक्स’सारख्या प्रणालीत इमारतीचे त्रिमितीय प्रारूप उभे करावे लागे, प्रत्येक भिंतीला रंग, प्रत्येक लादीला पोत आणि प्रत्येक दिव्याला तीव्रता द्यावी लागे, आणि मग ‘व्ही-रे’सारखी प्रणाली प्रकाश कोठून कोठे परावर्तित होईल याचे गणित करून अंतिम चित्र काढीत असे. हे काम कुशल माणसाचे आणि वेळखाऊ असल्याने त्याला किंमत होती, आणि ती परवडणारे ग्राहक मुख्यतः मोठे विकासक होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने ही किंमत जवळपास नाहीशी केली. ‘डिफ्यूजन’ या पद्धतीवर चालणारी प्रारूपे असंख्य चित्रांवर मुद्दाम ठिपक्यांचा गोंधळ चढवून तो टप्प्याटप्प्याने पुसण्याचा सराव करतात, आणि हा सराव पक्का झाला की निव्वळ गोंधळापासून सुरुवात करूनही, शब्दांत दिलेल्या वर्णनाशी जुळणारे चित्र ती काढू शकतात. ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे या जातीचे प्रारूप ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. परंतु वास्तुक्षेत्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे ठरले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये पुढे आलेले ‘कंट्रोलनेट’ हे तंत्र, कारण त्यामुळे भिंतींच्या कडारेषा, किंवा चित्रातील कोणता बिंदू पाहणाऱ्यापासून किती दूर आहे हे सांगणारा अंतराचा नकाशा, प्रारूपाला बंधन म्हणून देता येऊ लागला. रिकाम्या खोलीच्या छायाचित्रात संगणकावर फर्निचर मांडून ती सजलेली दाखवणे, म्हणजे ज्याला ‘व्हर्च्युअल स्टेजिंग’ म्हणतात ते काम, त्यानंतर काही मिनिटांत आणि नगण्य खर्चात होऊ लागले.

या बदलाकडे पाहून अनेक तरुण वास्तुविशारदांना, अंतर्गत सजावटकारांना आणि संगणक अभियंत्यांना त्यात व्यवसायाची संधी दिसली, आणि ती दिसणे स्वाभाविक होते. पण चित्र स्वस्त झाले याचा अर्थ ते सर्वांसाठीच स्वस्त झाले, हे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. जे काम ग्राहक स्वतःच्या मोबाइलवर करू शकतो त्यासाठी तो दुसऱ्याला फार काळ पैसे देत नाही, आणि त्यामुळे ‘सुंदर चित्र’ ही वस्तू म्हणून विकण्याचे दिवस संपले आहेत. बाजारपेठेच्या शास्त्रात ज्याला ‘निश’ म्हणतात, म्हणजे मोठ्या बाजारातील असा छोटा कप्पा जेथे गरज तीव्र असते, ती गरज भागवणारे थोडे असतात आणि पैसे देणारा नेमका कोण हे ठाऊक असते, तो शोधल्याशिवाय या क्षेत्रात पाय रोवणे अवघड आहे. हा कप्पा शोधताना उपयोगी पडणारा प्रश्न चित्र किती देखणे आहे हा नाही. चित्र चुकीचे निघाले तर कोणाचे किती नुकसान होते, हा आहे.

या निकषावर बाजारातील नेहमीची दारे ठोठावून पाहिली तर पहिली काही पटकन बंद होतात. मोठ्या विकासकांकडे जाहिरातसंस्था आणि स्वतःचे चित्रविभाग असतात, आणि नवे तंत्र ते या विभागांतच सामावून घेतात. अंतर्गत सजावटकार हे काम स्वतःच शिकतात, कारण ग्राहकासमोर बसून पडद्याचा रंग बदलून दाखवणे हा त्यांच्या कामाचाच भाग झाला आहे. जुन्या, म्हणजे ‘रीसेल’ सदनिकांच्या दलालांची गोष्ट थोडी निराळी आहे. अमेरिकेत घर विकण्याचे काम बहुधा ठरावीक मुदतीसाठी एकाच दलालाकडे दिलेले असते, त्यामुळे त्या घराच्या सादरीकरणावर खर्च करणे त्याला परवडते. मुंबई-पुण्यात मात्र एकच सदनिका पाच-सहा दलालांकडे एकाच वेळी ‘लागलेली’ असते, सौदा कोणाच्या हातून होईल याची शाश्वती कोणालाच नसते, आणि अशा स्थितीत कोणताही दलाल चित्रांसाठी खिशात हात घालत नाही. दलालांना महिना वर्गणीवर चित्रे पुरवण्याची कल्पना परदेशातील उदाहरणांवरून आकर्षक वाटली तरी येथील व्यवहाराच्या घडणीतच ती बसत नाही. कोकणातील आणि गोव्यातील दुसऱ्या घरांचा, म्हणजे परगावी किंवा परदेशी राहून सुट्टीसाठी घेतलेल्या घरांचा बाजार त्या मानाने आशादायक आहे, कारण तेथे ग्राहक दूर असतो आणि त्याला जागा पाहण्यासाठी वारंवार येता येत नाही. परंतु हे ग्राहक विखुरलेले असतात, आणि तेथे फसवणुकीची खरी भीती जमिनीच्या मालकीहक्काबाबत असते, जिच्यावर चित्राकडे उपाय नाही.

गरज, जोखीम आणि पैसे देणारा या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात असे महाराष्ट्रातील ठळक ठिकाण म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास. जुनी इमारत पाडून त्याच जागी वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाच्या, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येईल ते ठरवणाऱ्या प्रमाणाच्या, आधारे उंच इमारत बांधायची, जुन्या सभासदांना पूर्वीपेक्षा मोठी सदनिका विनामूल्य द्यायची आणि उरलेल्या सदनिका विकून खर्च व नफा काढायचा, असे या व्यवहाराचे स्थूल स्वरूप असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७९-अ खाली राज्य शासनाने ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार पुनर्विकासाचा निर्णय विशेष सर्वसाधारण सभेत एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांच्या संमतीने व्हावा लागतो. म्हणजे येथे पन्नास-शंभर कुटुंबांना, ज्यांपैकी अनेकांतील कर्ती माणसे निवृत्त झालेली असतात, आयुष्यातील सर्वांत मोठ्या मालमत्तेविषयीचा निर्णय केवळ कागद पाहून हात वर करून घ्यावा लागतो, आणि तो घेतला की काही वर्षे भाड्याच्या घरात काढावी लागतात.

या सभांमध्ये विकासक आपापले सादरीकरण करतात आणि त्यात चित्रांची कमतरता कधीच नसते. पडद्यावर काचेचा दर्शनी भाग झळकतो, प्रवेशद्वारापाशी ताडाची झाडे उभी असतात आणि इमारतीसमोरचा रस्ता इतका रुंद व मोकळा असतो की त्यावर एकही दुचाकी लावलेली नसते. प्रत्यक्षात तो रस्ता नऊ मीटरचा असून सकाळी दुधाची गाडी आली की बंद होतो हे सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक असते, पण सभेत त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. सभासदांचे खरे प्रश्न वेगळे असतात. आपली सदनिका कोणत्या मजल्यावर, कोणत्या दिशेला येणार, बैठकीच्या खोलीत खांब कोठे पुढे येणार, स्वयंपाकघराची खिडकी बाहेर उघडणार की डक्टमध्ये, म्हणजे नळ व सांडपाण्याच्या नलिका नेणाऱ्या बंदिस्त पोकळीत, आणि सध्याचे कपाट, दिवाण व देवघर नव्या खोल्यांत मावणार की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. मुंबईसारख्या शहरात छोट्या भूखंडांवर उंच इमारती बांधताना शेजारच्या इमारतीपासून सोडायच्या मोकळ्या जागेत अनेकदा सवलत घेतलेली असते, त्यामुळे खिडकीतून काय दिसणार हा प्रश्न तर ऐरणीवरचाच म्हटला पाहिजे.

त्यातील काही प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेशिवाय, शाळेतील भूमितीनेही देता येतात. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर असल्याने डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात भर दुपारीही सूर्य दक्षिण क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशच वर चढतो. दक्षिणेला बारा मीटरवर साठ मीटर उंचीची इमारत उभी असेल, तर त्या दिवसांत अलीकडच्या इमारतीच्या दक्षिणेकडील खिडक्यांवर सुमारे सत्तेचाळीस मीटर उंचीपर्यंत, म्हणजे मजल्याची उंची तीन मीटर धरल्यास पंधराव्या मजल्याच्या आसपासपर्यंत, दुपारचे ऊन पडणार नाही. पाचव्या मजल्यावरच्या सभासदाला दाखवलेल्या चित्रात मात्र बैठकीच्या खोलीत हटकून सोनेरी उन्हाचा पट्टा पडलेला असतो. खोल्यांच्या मापांचेही तसेच आहे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद शयनगृहात सहा फूट रुंद व साडेसहा फूट लांब पलंग उशाकडून एका भिंतीला लावला आणि समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचे कपाट उभे केले, तर त्या दोहोंमध्ये दीड फुटाची वाट उरते, जिच्यात कपाटाचे दार नीट उघडणे कठीण जाते. चित्र काढणारे प्रारूप ही अडचण पलंग आणि कपाट थोडे लहान काढून परस्पर मिटवते.

हे प्रारूप असे का वागते ते समजून घेतले पाहिजे, कारण व्यवसायाची मेख तेथेच आहे. प्रारूपाला खोलीचे माप कळत नाही. अशा प्रकारच्या चित्रांत सहसा काय दिसते एवढेच त्याला कळते, आणि ज्या चित्रांवर त्याचा सराव झालेला असतो त्यांत प्रशस्त, उजळ, मासिकात छापण्याजोग्या खोल्यांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे बंधन सैल ठेवले तर ते खिडकी रुंद करते, मधला खांब गाळते, आढ्याची तुळई नाहीशी करते, बाथरूमचे दार भिंतीत मिसळून टाकते आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीच्या जागी आकाश किंवा झाडे रंगवते. यांपैकी एकही बदल कोणी मागितलेला नसतो आणि त्यामागे कोणाचा वाईट हेतूही नसतो. पण असे चित्र सर्वसाधारण सभेत दाखवले गेले की ते आश्वासन ठरते, आणि आश्वासनाचा हिशेब ताबा मिळण्याच्या दिवशी मागितला जातो.

म्हणून या कप्प्यात टिकू पाहणाऱ्या व्यावसायिकाने कामाचा क्रम उलटा ठेवला पाहिजे. आधी वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून भिंती, खांब, तुळया, दारे, खिडक्या आणि शेजारच्या इमारती यांचे साधे पण मापाने अचूक त्रिमितीय प्रारूप तयार करावे, सूर्याची स्थिती तारीख आणि वेळ देऊन त्यातच बसवावी, फर्निचर बाजारात मिळणाऱ्या मापांचेच ठेवावे, आणि हे सर्व गोठवल्यानंतर केवळ पृष्ठभागांचा पोत, रंग आणि प्रकाशाचा बाज एवढ्यापुरतेच काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवावे. त्यातून निघालेले चित्र मूळ त्रिमितीय प्रारूपाच्या रेषांवर ठेवून पुन्हा तपासावे लागते, आणि ही तपासणी कंटाळवाणी असली तरी ग्राहक पैसे देतो ते याच तपासणीसाठी. ज्या कामाला पूर्वी एका सदनिकेमागे कित्येक दिवस लागत ते आता इतके आटोक्यात आले आहे की साठ सभासदांपैकी प्रत्येकाला त्याच्या मजल्यावरून, त्याच्या दिशेचे, त्याच्या खोलीचे चित्र देता येते. पूर्वी हे खर्चाच्या कारणाने अशक्य होते, आणि तंत्रज्ञानाचा खरा लाभ कोठे असेल तर तो येथे आहे.

कायद्याचा प्रवाहही याच दिशेने वाहत आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६, ज्याला सर्वसाधारणपणे ‘रेरा’ म्हणतात, त्याच्या कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील चुकीच्या माहितीवर विसंबून एखाद्याने रक्कम भरली आणि त्याचे नुकसान झाले तर ते भरून देण्याची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्यावर येते, आणि ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास त्याची संपूर्ण रक्कम व्याजासह परत करावी लागते. महाराष्ट्रातील नियामक प्राधिकरण असलेल्या महारेराने ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक केले आहे, जेणेकरून ग्राहकाला जाहिरातीवरून थेट नोंदणीच्या माहितीपर्यंत जाता यावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या कायद्याने, घरविक्रीच्या जाहिरातीतील छायाचित्रात संगणकाने फेरफार केला असेल तर तसे स्पष्ट नमूद करणे आणि मूळ छायाचित्र पाहण्याची सोय ठेवणे आवश्यक केले आहे. चित्राखाली बारीक अक्षरात ‘कलात्मक कल्पनाचित्र’ असे छापून मोकळे होण्याची सवय यापुढे किती काळ चालेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

पुनर्विकासात मात्र एक पेच आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. रेराचे संरक्षण प्रामुख्याने विक्रीच्या सदनिका घेणाऱ्या नव्या ग्राहकांना मिळते. जुन्या सभासदांची मदार मुख्यतः संस्थेने विकासकाशी केलेल्या विकास करारावर असते. त्या करारात चटईक्षेत्र, भाडे, कॉर्पस, म्हणजे विकासकाने द्यायची एकरकमी रक्कम, आणि मुदत यांचा तपशील असतो, पण सभेत ज्या चित्रांमुळे मते वळली त्यांचा बहुधा उल्लेखही नसतो. मापांसह तयार केलेली, आराखड्याचा क्रमांक आणि तारीख नोंदवलेली चित्रे कराराला परिशिष्ट म्हणून जोडली गेली तर वाद झाल्यास दोन्ही पक्षांना दाखवण्याजोगा आधार राहतो. अशी चित्रे तयार करणारी व्यक्ती मग सजावटकारापेक्षा मोजणीदाराच्या जवळची ठरते, आणि तिची फीही त्याच हिशेबाने ठरायला हवी.

फी कोण देणार, हा मात्र नाजूक भाग आहे. विकासकाने पैसे दिले तर सावलीतली खोली दाखवू नये असा दबाव येणारच. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागारामार्फत, म्हणजे संस्थेने स्वतःच्या बाजूने नेमलेल्या तज्ज्ञामार्फत, काम मिळाले तर हा दबाव कमी होतो, पण तो सल्लागार विकासकाशी संधान बांधून असेल तर फरक पडत नाही. सर्वांत निकोप ग्राहक म्हणजे स्वयंपुनर्विकास करणाऱ्या संस्था. विकासकाला न नेमता संस्थेने स्वतःच कर्ज काढून, कंत्राटदार नेमून इमारत बांधायची या मार्गाला राज्य शासनाने सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने प्रोत्साहन दिले असून मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अशा संस्थांना कर्ज देते. या संस्थांना आपल्या सभासदांची खात्री पटवायची असते आणि त्याचबरोबर वाढीव सदनिका बाहेरच्या ग्राहकांना विकायच्याही असतात. परंतु त्यांच्याकडे जाहिरात विभाग नसतो, आणि चुकीचे चित्र दाखवले तर प्रवर्तक म्हणून रेराची जबाबदारी त्यांच्याच अंगावर येते. खरे चित्र हवे असण्याचे याहून सबळ कारण दुसऱ्या कोणत्याही ग्राहकाजवळ नाही.

या कप्प्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पुनर्विकासाची प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते, संस्थेच्या कार्यकारिणीत मतभेद होऊन ती मध्येच थांबते, फी वेळेवर येत नाही, आणि एका संस्थेचे काम झाले की तो ग्राहक पुन्हा येत नाही. त्यामुळे समाजमाध्यमांवर जाहिरात करून येथे फारसे काही हाती लागत नाही; एखाद्या उपनगरातील दोन-तीन वास्तुविशारद, काही प्रामाणिक सल्लागार आणि गृहनिर्माण संस्थांचे महासंघ यांच्याशी ओळख वाढवून, एकाच परिसरात कामे मिळवत जाणे अधिक फलदायी ठरते, कारण शेजारची इमारत आज आपल्या प्रारूपात उभी केली की उद्या तिच्याच पुनर्विकासाचे काम निम्मे झालेले असते. सादरीकरण मराठीत, आणि जेथे सभासद गुजराती किंवा हिंदी बोलणारे असतील तेथे त्यांच्या भाषेत असणे, तसेच चित्रे मोबाइलवर पाठवण्याबरोबर मोठ्या कागदावर छापून सभागृहाच्या भिंतीवर आठवडाभर लावून ठेवणे, या साध्या गोष्टी परदेशी प्रणालींना जमणाऱ्या नाहीत. वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाणाऱ्या कुटुंबाला नव्या घरात जागा कशी वापरावी याचेही मार्गदर्शन लागते, आणि तेही याच सेवेचा भाग होऊ शकते. मागणीचा अंदाज घ्यायचा असेल तर फुकट नमुने वाटण्यापेक्षा एका संस्थेकडून आगाऊ थोडी रक्कम घेऊन काम करून पाहावे, कारण फुकटच्या चित्राचे कौतुक सगळेच करतात आणि त्यावरून बाजाराविषयी काहीच कळत नाही.

अशी सेवा मिळू लागेपर्यंत सभासदांनाही एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत पडद्यावर चित्र येईल तेव्हा ते कोणत्या क्रमांकाच्या आराखड्यावरून काढले, कोणत्या मजल्यावरून आणि कोणत्या महिन्यातील किती वाजताचा प्रकाश त्यात धरला आहे, असे विचारावे आणि मिळालेले उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.